कायदा गेला, परिनिरीक्षण राहिले

कालबाह्य कायदे मोडीत काढणे ही अलीकडच्या प्रशासकीय सुधारणांची आवडती वाट आहे. २०१७ साली मंजूर झालेल्या निरसन विधेयकाने १८७६ चा नाट्यप्रयोग कायदाही असाच इतिहासजमा केला. ‘नीलदर्पण’सारख्या बंगाली नाटकांनी अस्वस्थ झालेल्या लॉर्ड नॉर्थब्रुकच्या सरकारने तो आणला होता. त्याचा मराठीला बसलेला सर्वांत मोठा फटका म्हणजे कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’. १९०७ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकातल्या कीचकात प्रेक्षकांना कर्झन दिसला, भीमात जहाल दिसले, आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणजे कायद्याच्या निरसनाने एक जुना अन्याय मिटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रापुरते मात्र ते खरे नाही.

त्या कायद्यात काही भागांपुरती परवान्याची तरतूद असली, तरी त्याचा मुख्य रोख आक्षेपार्ह ठरलेल्या नाटकावर बंदी घालण्याचा होता. बंदी येईपर्यंत ‘कीचकवध’ जवळजवळ तीन वर्षे लोकांनी पाहिले. स्वातंत्र्यानंतर इथे हा क्रम उलटला. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालच्या नियमांनुसार संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचे आणि मगच प्रयोग लावायचा. नाटक वाईट आहे हे सरकारने सिद्ध करण्याऐवजी ते निर्दोष आहे हे नाटककाराने पटवायचे. परक्या सत्तेचा कायदा रद्द झाला, पण आपण घडवलेली ही अधिक कडक पद्धत तशीच राहिली. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिलाच न्यायालयात आव्हान दिले.

या पद्धतीतही मराठी रंगभूमी बहरलीच ना, असे कोणी विचारील. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर काटछाटीचा आग्रह झाला, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण ही लढाई मुंबईच्या व्यावसायिक निर्मात्याची होती; तालुक्याच्या हौशी मंडळाला वकील परवडत नाही, ते वाक्यच गाळते. शिवाय तमाशातली बतावणी प्रेक्षकांकडे बघून त्या रात्री घडते. सोंगाड्याचा टोला आधी कागदावर कसा मागणार? संहिता म्हणजेच नाटक, या समजुतीवर उभ्या असलेल्या नियमाला इथल्या सर्वांत जिवंत प्रकारांची ओळखच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रमाणपत्र ही निर्मात्याची ढाल असते, ती काढली तर झुंडी मोकाट सुटतील. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ हे प्रमाणपत्र मिळवून १९९८ मध्ये रंगमंचावर आले. विरोध पेटताच सरकारने काही दिवसांतच प्रयोग थांबवले, आणि बंदी उठली ती २००१ मध्ये, न्यायालयातून. त्या नाटकाचा विचार कितीही अमान्य असो, गरजेच्या वेळी कागदाने संरक्षण दिले नाही, हे तथ्य उरतेच. अब्रुनुकसानी आणि हिंसेची चिथावणी यांसाठी सामान्य कायदे आहेत. वयोगट जाहीर करण्याची जबाबदारी निर्मात्यावर टाकता येईल, आणि पोलिसांचे बळ संहिता चाळण्याऐवजी नाट्यगृहाच्या दारावर उभे करता येईल. कायद्यांच्या संख्येत एकाने घट होणे सोपे असते. परवानगी कोणी कोणाकडे मागायची हे जोवर बदलत नाही, तोवर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.