साथीची तपासणी : कोणाची आणि कोणासाठी?

इ. स. 1897 च्या प्लेगचा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु तो बहुतांशी एका गोळीबाराभोवती लिहिला गेला आहे. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली, पुढे चापेकर बंधू फासावर गेले, आणि प्लेग म्हणजे रँडचा जुलूम व त्या जुलमाचा सूड एवढेच आपल्या पाठ्यपुस्तकांत उरले. साथ कशी ओळखावी, तपासावे कोणाला, अडवावे कोणाला आणि सोडावे कोणाला, हा खरा प्रश्न त्या गोळीच्या आवाजात बुडून गेला. 2020 साली कोरोना आला तेव्हा हाच प्रश्न साऱ्या जगाने पुन्हा विचारला. चीनने 23 जानेवारीला अख्खे वुहान बंद केले. दक्षिण कोरियाने 2015 च्या मर्सच्या साथीचा धडा घेऊन आधी तपासणीची यंत्रणा उभी केली. स्वीडनने दुकाने, शाळा बऱ्याच अंशी चालू ठेवल्या. यांपैकी कोण बरोबर, यावर जगातले विद्वान भांडत होते. आपल्या राज्याने 13 मार्च 2020 ला काय केले? 1897 चा साथरोग कायदा कपाटातून काढून पुन्हा लागू केला. तेव्हा तो कायदा कोणत्या गरजेतून जन्मला आणि कोणाच्या अंगावरून चालत गेला, हे पाहिल्याशिवाय आजच्या वादाला हात घालण्यात अर्थ नाही.

मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग. युरोपातील राष्ट्रे लगेच बिथरली. हिंदुस्थानातून येणारी जहाजे, माल आणि हाजी यांना अडवण्याची भाषा सुरू झाली. फेब्रुवारी-मार्च 1897 मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. आपण साथ आटोक्यात ठेवीत आहोत हे तेथे इंग्रजांना दाखवावयाचे होते, कारण प्रश्न व्यापाराचा होता. म्हणून 4 फेब्रुवारी 1897 रोजी अत्यंत घाईने साथरोग कायदा संमत झाला. रेल्वेने वा अन्य मार्गाने जाणाऱ्या माणसांची तपासणी करणे व संशयितांना वेगळे ठेवणे याचा सरळ अधिकार त्याने सरकारला दिला. आणि या कायद्याखाली सद्‍भावनेने काही करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असेही लिहून ठेवले. तपासणारा सुरक्षित आणि तपासला जाणारा बिनबचावाचा, असा हा कायदा आहे.

मी राहतो ते चामटोली बदलापूरजवळ आहे. आमची सगळी ये-जा कल्याणवरून होते. मुंबईहून निघालेल्या गाड्यांचे एक मोठे तपासणी-ठाणे त्या काळी याच कल्याणला होते, कारण येथूनच एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा बदलापूर-कर्जतवरून पुण्याकडे जातो. 1897 च्या आरंभीपर्यंत साडेआठ लाखांच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे पळाली होती. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना खाली उतरवून रांगेत उभे करीत, ताप पाहत, काखेत आणि जांघेत गाठ चाचपीत. वरच्या वर्गाच्या उतारूंशी व गोऱ्यांशी वागणूक अर्थातच सौम्य. तिकिटाच्या रंगावरून रोग ठरत होता म्हणा ना!

यात शास्त्र किती होते? प्लेगचा जंतू 1894 साली हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीत दाखवले, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे फलाटावर माणसे चाचपली जात होती तेव्हा रोग धान्याच्या पोत्यांबरोबर निर्धास्त प्रवास करीत होता. पोत्यांच्या काखा कोणी तपासल्या नाहीत.

आता एका प्रसंगाकडे मी कार्यकर्त्यांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. 6 ऑक्टोबर 1896 रोजी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला, आणि लगोलग हुकूम सैल करण्यात आला. का? स्नो यांनी आपल्या अहवालात कारण लिहून ठेवले आहे : सक्तीच्या भीतीने हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले असते तर मुंबई राहण्यालायकच उरली नसती. ज्यांना शिवायचे नाही, ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर, त्यांच्या पायावर एवढे मोठे साम्राज्याचे शहर उभे होते, आणि ते मुंबईच्या कमिशनरला पक्के ठाऊक होते. आपल्या चळवळीच्या इतिहासात या कबुलीला मानाचे पान मिळावयास हवे. मोर्चा नाही, निवेदन नाही. नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेने हुकूम वाकला.

पुण्यातील विरोधाची जातकुळी वेगळी होती. सोजीर घरात शिरले, स्वयंपाकघर आणि देवघर बाटले, बायकांच्या अंगाला हात लागला, या तक्रारींत स्त्रियांच्या अपमानाची तक्रार शंभर टक्के खरी होती आणि ती आजही संतापाचीच आहे. परंतु विटाळाची तक्रार? ज्यांच्या सावलीचा विटाळ होई त्यांनी ती कशी वाचावी? सरकारी रुग्णालयात सर्व जातींचे रोगी शेजारी-शेजारी निजवले जातील हीच अनेकांची मोठी धास्ती होती. म्हणून मुंबईत जातीजातींची प्लेग-रुग्णालये निघाली, पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढले. मरणाच्या दारातही पंगत वेगळी! याच दिवसांत पुण्याबाहेर ससाणे यांच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तेथे आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. महिनाभर आधी, 9 फेब्रुवारीला, गिरणी कामगारांचे पुढारी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगनेच गेले होते. साथ रोखण्याचे दोन मार्ग तेव्हाच समोरासमोर उभे होते. एक फलाटावर माणूस चाचपून बाजूला काढण्याचा, दुसरा त्याला उचलून आणण्याचा. पहिल्याचा कायदा झाला.

प्लेग हा जंतूचा रोग. विषाणूची मोठी साथ आपण पाहिली ती 1918 ची, इन्फ्लुएंझाची. 10 जून 1918 रोजी मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात गेले, तेथून ती गणली जाते. या वेळी तपासणीचा प्रश्नच नव्हता, कारण इन्फ्लुएंझाचा विषाणू 1933 साली सापडला; 1918 ला डॉक्टर भलत्याच जंतूमागे लागले होते. तपासणीशिवाय साथ रोखता येते काय? येते, बेट असेल आणि बंदर बंद करण्याची हिंमत असेल तर. अमेरिकेच्या ताब्यातील सामोआने बंदर बंद केले आणि तेथे साथ पोचली नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत न्यूझीलंडच्या कारभाऱ्यांनी नोव्हेंबर 1918 मध्ये एक जहाज येऊ दिले आणि तेथील सुमारे पाचवा हिस्सा माणसे मेली. मुंबईच्या गोदीत महायुद्धाची जहाजे थांबवणार कोण? 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवसात मुंबईत 768 माणसे मेली. देशात सव्वा कोटी ते दोन कोटी गेली असे अंदाज आहेत. पाऊस नव्हता, धान्य महाग होते.

आणि या साथीने मागे एक तक्ता ठेवला. मुंबईच्या आरोग्य खात्याने मृत्यू जात-धर्मवार मोजले होते. दर हजारी युरोपियन 8.3, पारशी 9, मुसलमान 19.2, सवर्ण हिंदू 18.9, आणि ज्यांना तेव्हाचे सरकार ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणे ते 61.6. सवर्णांच्या तिपटीहून अधिक. विषाणूला जात कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. विषाणूला जात कळत नसेल, पण खोलीला कळते, संडासाला कळते, पाण्याच्या नळाला कळते. (याच साथीच्या उतारावर, नोव्हेंबर 1918 मध्ये, डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये म्हणून तेथील काही विद्वान अस्वस्थ झाले. माणसे तापाने मरत होती, आणि विद्वानांना भय होते ते या स्पर्शाचे.)

या पाठीवर घेऊन 2020 कडे पाहावे. 16 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी तपासणी करा, तपासणी करा, असे सर्व देशांना सांगितले. आपल्याकडे तेव्हा तपासणी होती ती मुख्यतः परदेशाहून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्यांची. 21 मार्चला खाजगी प्रयोगशाळांसाठी तपासणीची कमाल किंमत 4500 रुपये ठरली. सर्वोच्च न्यायालयाने 8 एप्रिलला तपासणी सर्वांना मोफत म्हटले आणि 13 एप्रिलला ते बदलून गरिबांपुरते केले. पासपोर्टवाल्यांनी आणला आणि रेशनकार्डवाल्यांनी भोगला, असे लोक त्या दिवसांत म्हणत. शास्त्राच्या भाषेतही ते फार चुकीचे नव्हते.

त्यात ‘सोशल डिस्टन्सिंग’चे मराठी झाले ‘सामाजिक अंतर’. दोन हजार वर्षे जे अंतर आमच्या वाट्याला आले त्याचेच नाव औषधाच्या बाटलीवर चिकटवलेले पाहून आमच्यापैकी अनेकांना चीड आली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पुढे केला होता; पण आपल्या फलकांवर, भाषणांत पहिलाच रुजला. रुजायला जमीन तयार होती.

लोकल बंद झाल्या. सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया मात्र कामावर हव्या होत्या. बदलापूर-अंबरनाथहून एस.टी.च्या गाड्यांनी ही माणसे मुंबईला जात. मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने आदेश काढला, की मुंबईत अत्यावश्यक सेवेत असणाऱ्यांनी मुंबईतच राहावे, घरी परतू नये. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. दिवसा अत्यावश्यक आणि संध्याकाळी वेशीबाहेर! ज्यांच्या घरात ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली त्यांना यात नवे काही दिसले नाही.

आमच्या बाजूची एक बाई तेव्हा मुंबईतल्या एका रुग्णालयात कंत्राटावर झाडलोट करीत असे. अंगात कणकण होती. मी म्हटले, ताई, तपासून घ्या. ती म्हणाली, “सर, तपासलं आणि निघालं, तर चौदा दिवस घरात कोण घालणार? ठेकेदार तर खाडेच धरणार.” तपासणीविषयी मी जे लेख वाचले त्यांत किट किती अचूक, प्रयोगशाळा किती, दर दहा लाखांमागे तपासण्या किती, याची चर्चा होती, या बाईचे गणित क्वचितच होते. रोग निघाला तर मजुरी बुडणार असेल तर गरीब माणूस तपासणी टाळणार, आणि ते अडाणीपणाने नव्हे, हिशेबाने टाळणार. 1896 च्या गिरणी कामगाराचा हिशेबही हाच होता.

धारावीकडे पाहा. 1 एप्रिल 2020 ला तेथे पहिला रुग्ण सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत घरात वेगळे राहणे हा विनोद ठरला असता. म्हणून शाळांतून, सभागृहांतून विलगीकरण झाले, तेथे जेवण मिळाले, वस्तीतले खाजगी डॉक्टर सामील झाले, तापाची शिबिरे झाली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाव घेऊन कौतुक केले. मला ते कौतुक अर्धेच पटते. कारण त्याच जुलैत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी केली तेव्हा झोपडपट्टीतील 57 टक्के आणि इतरत्रच्या 16 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. शहरातील बाधितांचा अधिकृत आकडा तेव्हा लाखाच्या थोडा वर होता, म्हणजे शेकडा एकालाही पोचत नव्हता. झोपडपट्टीतून साथ घुसून निघून गेली आणि नोंदवहीला कळलेही नाही. तरी धारावीतील जेवणाची ताटे आणि विलगीकरणाच्या खाटा फुकट गेल्या असे मी म्हणणार नाही. रांगेत चाचपून सोडून देण्यापेक्षा तो निराळा मार्ग होता, सावित्रीबाईंच्या बाजूचा.

स्थानकावरची तपासणीही परत आली. 15 ऑगस्ट 2021 पासून लशीचे दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांनाच सामान्य प्रवासी म्हणून लोकलचा पास मिळू लागला. स्थानकांवर प्रमाणपत्रे तपासली जाऊ लागली. लस तर मोबाईलवर नोंदणी करू शकणाऱ्यांना आधी मिळत होती. ज्या आर्थर रोडच्या रुग्णालयावर 1896 साली कामगार चालून गेले तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय, आणि 2020 ला मुंबईतल्या पहिल्या कोरोना-तपासण्या त्याच्याच प्रयोगशाळेत झाल्या.

एक गोष्ट मात्र या वेळी झाली नाही. 1918 ला परक्या सरकारने आमचे मृत्यू वेगळे मोजले होते, मग हेतू काही असो. 2020-21 च्या सरकारी आकड्यांत वय होते, लिंग होते, मधुमेह-रक्तदाब होता. जात नव्हती, आणि बहुधा धंदाही नव्हता. जात लिहिली तर वस्तीवर शिक्का बसेल, ‘यांच्यामुळेच पसरतो’ असे म्हटले जाईल, असा आपल्यातल्याच काहींचा आक्षेप आहे. तो मी हलका मानीत नाही. 1897 ला शिक्केच मारले गेले होते. पण न मोजल्याने शिक्का चुकला काय? अत्यावश्यक कामगाराला वेशीवर अडवताना कोणी तक्ता पाहिला नव्हता. मोजणी सरकारच्या हाती असते तेव्हा ती धोक्याची असते हे खरे. म्हणून ती आपल्या हाती घ्यावी. नगरपालिका व ग्रामपंचायतीच्या मृत्यू-नोंदवह्या आहेत, स्मशानाच्या वह्या आहेत, 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथच्या कारखान्यांमागच्या चाळींपर्यंत आणि पुढे बदलापूर-वांगणीपर्यंत, मार्च 2020 ते डिसेंबर 2021 मध्ये कोण गेले, काय काम करीत होते, तपासणी कितव्या दिवशी झाली, की झालीच नाही, एवढे चार रकाने विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन भरावेत. चामटोली आणि आसपासच्या वस्त्यांपासून आम्ही सुरुवात करणार आहोत. वहीत पहिला रकाना नावाचा नाही, कामाचा ठेवला आहे.