कॅमेरॉनबाईंचे काचघर

व्यक्तिचित्रणाच्या क्षेत्रात छायाचित्राला चित्रकलेच्या पंक्तीस बसविण्याचा हट्ट ज्यांनी प्रथम धरला, त्यांत ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचे स्थान फार वरचे आहे. त्यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यास झाला. वडील जेम्स पॅटल कंपनी सरकारच्या सेवेत होते, तर आई फ्रेंच कुळातील. १८३८ मध्ये चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली ज्या विधी आयोगाने भारतीय दंडविधानाचा मसुदा सिद्ध केला, त्याचे हे गृहस्थ सदस्य होते. ते दंडविधान येथे २०२४ पर्यंत चालले, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

१८४८ साली हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० मध्ये वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथे, कवी टेनिसन यांच्या शेजारी, स्थिरावले. डिसेंबर १८६३ मध्ये लेक-जावयांनी एकटेपणात विरंगुळा म्हणून बाईंना कॅमेरा दिला. त्या वेळी त्यांचे वय ४८ होते. कोळशाची कोठी अंधारखोली झाली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचे काचघर झाले. पुढच्याच महिन्यात अ‍ॅनी फिलपॉट या बालिकेचे चित्र साधले. ते आपले पहिले यश, अशी नोंद बाईंनी स्वतः करून ठेवली.

हे तंत्र मोठे किचकट होते. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्याच्या आत विकसित करावयाची. रसायनांनी हात काळे पडत. समोर बसणाऱ्याला कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. चेहरा किंचित हालला की रेषा पुसट होई. शिवाय चेहरा सुंदर दिसू लागताच बाई भिंग तेथेच थांबवीत, अधिक रेखीवपणाच्या मागे लागत नसत. जाणकारांनी यास अडाणीपणा ठरविले. काचेवरील ओरखडे व डाग यांवरही टीका झाली. बाई मात्र बधल्या नाहीत. भिंग कोठे थांबवावे हे ठरविण्याचा अधिकार इतरांना कोणी दिला, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

या सवालाचे खरे उत्तर १८६७ सालच्या सर जॉन हर्शेल यांच्या चित्रात आहे. छायाचित्र पक्के करण्यासाठी हायपोचा उपयोग दाखवून देणारे हे शास्त्रज्ञ बाईंना १८३६ मध्ये केप येथे भेटले होते, आणि छायाचित्रांचे पहिले नमुने १८४२ मध्ये त्यांनीच कलकत्त्यास धाडले होते. बाईंनी त्यांना केस धुवून मोकळे सोडावयास लावले. काळोखातून पांढरे केस आणि थकलेले डोळे तेवढे वर येतात. उपकरणे नाहीत, ग्रंथ नाहीत. रेखीव चित्राला हा प्रभाव साधला नसता.

एक गोष्ट मात्र खटकते. कार्लाइल, डार्विन, टेनिसन हे पुरुष आपापल्या नावाने उभे राहतात. घरची मोलकरीण मेरी हिलियर मात्र बहुधा मेरीमाता किंवा एखादी पुराणकन्या होऊन येते. भाची ज्युलिया जॅक्सन हिची चित्रे त्यास अपवाद होत.

१८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला गेले. तेथे पतीचे कॉफीचे मळे होते. २६ जानेवारी १८७९ रोजी बाईंचे तेथेच निधन झाले. बोगवंतलावा येथे त्यांचे दफन आहे. पुढे १९२६ मध्ये त्यांच्या चित्रांचा संग्रह रॉजर फ्राय यांच्यासह प्रस्तावना लिहून प्रसिद्ध केला, तो त्याच ज्युलिया जॅक्सनच्या मुलीने, व्हर्जिनिया वुल्फ यांनी.