काच ब्लो केल्याबिगर

परळच्या आमच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी एक चौकट टांगलेली असायची. आत आबांचं फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट. सातवी पास माणसाच्या घरात भिंतीवर लावण्यासारखा तेवढा एकच सरकारी कागद होता. दिवाळीच्या साफसफाईत तो उतरवून पुसायचं काम माझ्याकडं. त्यावरचं इंग्रजी मला वाचता यायला लागलं त्याच्या आधीपासून मी त्याची काच पुसतोय.

आबा गिरणीत बॉयलर खात्यात होते. १९१५ साली खोपोलीची टाटांची वीज मुंबईत आली आणि गिरण्यांमधली वाफेची मोठी इंजिनं हळूहळू हद्दपार झाली. बॉयलर मात्र राहिले. ताण्याच्या सुताला खळ लावायची, ते वाळवायचं, तर सायझिंग खात्याला वाफ लागतेच. १९२३ च्या इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्टनं बॉयलरची नोंदणी आणि ठरावीक मुदतीची तपासणी सक्तीची केली. बॉयलर ज्याच्या ताब्यात द्यायचा त्या माणसाचं सर्टिफिकेटही नियमात आलं. सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. परीक्षकांसमोर उभं राहून तोंडी उत्तरं द्यायची. आबा लिहिण्यात कच्चे, पण तोंडी परीक्षेत त्यांना कुणी हलवू शकलं नसतं.

मी पुढं नोकरी केली ती अणुवीज केंद्रात. तिथल्या नोकऱ्यांचा इतिहास सांगताना सगळे सुरुवात करतात ती डॉ. होमी भाभांपासून आणि ट्रॉम्बेच्या ट्रेनिंग स्कूलपासून. ते बरोबरच आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये अप्सरा ही आपली पहिली अणुभट्टी चालू झाली आणि पुढच्याच वर्षी, १९५७ च्या ऑगस्टमध्ये, ते स्कूल सुरू झालं. देशात वीजकेंद्राच्या अणुभट्टीचा पत्ता नसताना ती चालवणारी माणसं घडवायला घेतली, ही दूरदृष्टी फार मोठी. पण माझी खात्री आहे की या पेशाची दुसरी मुळी बॉयलर खात्यातून आलेली आहे आणि तिचं नाव कुणी घेत नाही. पाळीचा चार्ज घेणं, लॉगबुकात सही करणं आणि सही करण्याआधी स्वतः खात्री करून घेणं, हे सगळं भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून आलेलं नाही.

मेकॅनिकलच्या डिप्लोमाला माझं नाव लागलं त्या वर्षी आबांनी परवानगी काढून मला एका सकाळच्या पाळीला आत नेलं. लँकेशायर बॉयलर, लांबीला आमच्या चाळीतल्या तीन खोल्यांएवढा, पोटात दोन मोठ्या नळ्या, त्यांत भट्टी. आबा पाळीच्या वीस मिनिटं आधी पोचले. रात्रपाळीवाला हसून काही बोलायला लागला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं आणि सरळ समोरच्या गेज ग्लासकडं गेले. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या दोन उभ्या नळ्या. प्रत्येकीला तीन कॉक: वर वाफेचा, मधे पाण्याचा, तळाला ड्रेनचा. त्यांनी ड्रेन उघडला, फस्स करून काच रिकामी झाली. मग वाफेचा कॉक बंद करून पाण्याची वाट पाहिली, पाण्याचा बंद करून वाफेची. शेवटी ड्रेन बंद केला आणि पाणी उसळून वर आलं. दुसऱ्या काचेला पुन्हा तेच सगळं. दोन्हींत पाणी एका रेषेत आल्यावर ते रात्रपाळीवाल्याकडं वळले, "हां, बोल आता."

मी विचारलं, काचेत पाणी तर आधीही दिसत होतं. आबा म्हणाले, "काचेत पाणी दिसतंय म्हंजी बॉयलरात पाणी हाय असं नाय. मधली वाट तुंबली तर काचेत कालचंच पाणी ऱ्हातंय. काच ब्लो केल्याबिगर चार्ज घ्यायचा नाय."

पाणी खाली गेलं की भट्टीच्या नळीचा माथा उघडा पडतो, लाल होतो, मऊ पडून आत बसतो आणि बॉयलर फुटतो. हे त्यांनी मला घरी येताना ट्राममार्गाच्या जुन्या रुळांवरून चालत सांगितलं, तेही असं की जणू एखाद्या नातेवाईकाच्या स्वभावाबद्दल सांगताहेत.

१९७५ साली मी तारापूरच्या अणुवीज केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो. बोईसरला गाडीतून उतरायचं, कॉलनीतून पाळीच्या बसनं समुद्राच्या काठापर्यंत. तोवर केंद्राला सहा वर्षं झाली होती. १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकबरोबर करार झाला, २८ ऑक्टोबर १९६९ ला दोन्ही संच व्यापारी तत्त्वावर चालू झाले आणि जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केलं. उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॅटच्या. मशीन परदेशी, पण पॅनेलसमोर उभी राहणारी माणसं आपली. माझ्या पाळीत ट्रेनिंग स्कूलचे होते तसे औष्णिक केंद्रांत बॉयलर-टर्बाइनवर दहा-दहा वर्षं काढून आलेलेही होते. पहिल्यांना न्यूट्रॉन कळायचा आणि दुसऱ्यांना मशीनचा आवाज. सुरुवातीला दोघांचं फारसं जमायचं नाही. रात्रपाळीच्या चहावर ते जमायला लागलं.

औष्णिक केंद्रातून आलेल्यांना इथं दोन गोष्टी नव्यानं शिकाव्या लागल्या. टर्बाइनजवळ उभं राहायचं, बेअरिंगवर पालथी मूठ ठेवायची, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक केसिंगला आणि मूठ कानाला लावून ऐकायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. आमच्या अणुभट्टीत वाफ गाभ्यातून थेट टर्बाइनकडं येते. येताना ती नायट्रोजन-१६ घेऊन येते. हा समस्थानिक सात सेकंदांत निम्मा होतो, पण तेवढ्यात जोरदार गॅमा किरण सोडतो. म्हणून संच चालू असताना टर्बाइनजवळ मनाप्रमाणे घुटमळता येत नाही. हातानं आणि कानानं जे कळायचं ते आता सगळं पॅनेलवरच्या काट्यांवरून ओळखायचं. एका जुन्या फोरमननं मला सांगितलं होतं की त्याचे पहिले सहा महिने डोळे बांधल्यासारखे गेले.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. बॉयलरची आग विझवली की विझली. अणुभट्टी ट्रिप केली, सगळे कंट्रोल रॉड आत गेले, तरी पहिल्या क्षणाला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. ती तासाभरानं दीड टक्क्याच्या आसपास येते आणि पुढं दिवसेंदिवस रेंगाळते. म्हणजे बंद पडलेल्या भट्टीलाही पाणी पाजत राहायचं. शटडाउनमध्ये पाळी हलकी असते असं बाहेरच्यांना वाटतं. आम्ही त्या काळात जास्त जागे असायचो.

मी पाच-सहा वर्षं फील्डवर काढली. कंट्रोल रूममध्ये बसायचं तर त्याला वेगळी पात्रता लागते: प्रत्येक यंत्रणेची चेकलिस्ट, पाइपलाइन स्वतः चालून काढायची, लेखी परीक्षा, मग तोंडी. लेखीत मी चांगल्या मार्कांनी पास झालो आणि तोंडीत आपटलो. परीक्षकांनी विचारलं, अणुभट्टीच्या भांड्यातल्या पाण्याची पातळी किती? मी पॅनेलचा आकडा सांगितला. ती खरी कशावरून? मी म्हटलं, इंडिकेटर दाखवतोय. मग तिसरा प्रश्न आला: भांड्यातलं प्रेशर एकदम पडलं तर हा इंडिकेटर काय दाखवील?

मी गप्प. ही पातळी मोजतात दोन नळ्यांतल्या पाण्याच्या वजनांची तुलना करून. एक रेफरन्स लेग, ती सदा भरलेली असायला हवी, आणि दुसरी भांड्यातल्या पाण्याशी जोडलेली. प्रेशर झपाट्यानं उतरलं तर रेफरन्स लेगमधलं गरम पाणी उकळून उडू शकतं. मग फरक कमी होतो आणि काटा वर चढतो. भांड्यात पाणी घटत असताना काटा सांगतो की पाणी भरपूर आहे. हे मला वाचून माहीत होतं, पण वेळेला आठवलं नाही. बसमध्ये मागच्या सीटवर बसलो आणि डोळ्यांसमोर आली ती आबांची काच. त्यांना हा प्रश्न विचारला असता तर रेफरन्स लेग हा शब्द न ऐकताही त्यांनी उत्तर दिलं असतं. चार महिन्यांनी मी पुन्हा बसलो आणि पास झालो.

तोवर थ्री माइल आयलंडचा अपघात सगळ्या जगात अभ्यासला जात होता. २८ मार्च १९७९, पेनसिल्व्हेनिया, पहाटे चारची वेळ. एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडला तो बंदच झाला नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, कारण तो दिवा व्हॉल्व्हला गेलेला हुकूम दाखवत होता. व्हॉल्व्ह प्रत्यक्षात कुठं आहे ते त्याला माहीतच नव्हतं. प्रेशरायझरमधली पातळी वर दिसत होती, म्हणून आपोआप चालू झालेलं आपत्कालीन पाणी ऑपरेटरांनी कमी केलं. गाभा उघडा पडून वितळायला लागला. सुमारे सव्वादोन तासांनी सकाळच्या पाळीचा सुपरवायझर आत आला, त्यानं सगळं नव्यानं पाहिलं आणि ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करायला लावला. त्या रात्रीच्या माणसांना मी कधी दोष देऊ शकलो नाही. शेकडो अलार्म एकदम वाजत असताना काच ब्लो करायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानंतर जगभर सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण वाढलं, लक्षणांवरून काय करायचं त्याच्या कार्यपद्धती नव्यानं लिहिल्या गेल्या. आपल्याकडंही १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक परिषद स्थापन झाली.

चेर्नोबिलची गोष्ट मला त्याहून जास्त लागते, कारण ती चार्ज देण्या-घेण्याची गोष्ट आहे. २५ एप्रिल १९८६ ला दिवसपाळीनं करायची म्हणून चाचणी ठरली होती. दुपारी दोनला कीव्हच्या ग्रिड नियंत्रकानं सांगितलं, वीज हवी आहे, थांबा. परवानगी मिळाली रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी. ज्यांनी तयारी केली होती ते घरी गेले. मध्यरात्री आलेल्या पाळीच्या हातात अर्धवट चाललेली चाचणी पडली. शिफ्टप्रमुख अलेक्सांद्र अकीमोव्ह आणि रॉड हाताळणारा लिओनिद तोप्तुनोव्ह, वय पंचवीस, त्या खुर्चीतला अनुभव काही महिन्यांचा. एक तेवीसला स्फोट झाला. दोघंही मे महिन्यात मॉस्कोच्या इस्पितळात वारले. स्फोटानंतरही ते भट्टीला पाणी पोचवायच्या खटपटीत होते. त्यानंतर कित्येक वर्षं मी मध्यरात्रीचा चार्ज घेताना मागच्या पाळीला एक प्रश्न जादा विचारायचो: काय अर्धवट आहे?

आमच्याकडं परदेशी मदत आटण्याचाही एक काळ गेला. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर अमेरिकेशी इंधनावरून ताणाताणी सुरू झाली, पुढं पुरवठा थांबला आणि १९८२ मध्ये फ्रान्सशी करार होईपर्यंत उरलेल्या इंधनात काटकसर करायची. सुट्या भागांसाठी पत्र पाठवून उत्तर येणार नव्हतं. दुय्यम स्टीम जनरेटर पुढं वापरातून काढले गेले आणि संच १६० मेगावॅटवर चालू लागले. या वर्षांनी सुपरवायझर या शब्दाचा अर्थच बदलला. पाना, रेखाचित्र आणि लेथ यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस म्हणजे सुपरवायझर. पाच-पाच हजार रुपयांच्या भागासाठी आम्ही तीन-तीन आठवडे कागदावर झगडलो आहोत, आणि ते भाग बसलेही.

शेजारी तीन आणि चार नंबरचे संच उभे राहिले, ५४० मेगावॅटचे, आपल्या बनावटीचे, चार नंबर आधी, २००५ मध्ये, आणि तीन नंबर २००६ मध्ये. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पोफरणच्या वाटेवर मी मासे घ्यायला जायचो. ती वाट आता नाही, आणि या केंद्राचा इतिहास लिहिताना ती गावं गाळून चालणार नाही.

२०१३ च्या मे महिन्यात माझी शेवटची रात्रपाळी. सकाळी चार्ज घ्यायला आला तो मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. आत आल्यावर त्यानं पुडा टेबलावर ठेवला, माझ्याकडं न बघता पॅनेलकडं गेला, पातळीचे इंडिकेटर एकेक करून बघितले, दोहोंत थोडा फरक होता तिथं थांबला आणि रेकॉर्डरचा रात्रभराचा आलेख मागं नेऊन पाहिला. मग वळून म्हणाला, "काका, हा फरक कधीपासून आहे?"

मी सांगितलं, पहाटे तीनपासून, मेंटेनन्सला कळवलंय, लॉगबुकात नोंद आहे. त्यानं नोंद वाचली, वेळ टाकली, सही केली. मग आम्ही पेढे खाल्ले.