ध्वनिमुद्रणाची नावनिशी

गाणे कोणाचे आणि कोणते, ही माहिती गाण्यासोबत ठेवायची कशी, हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. मेणाच्या मूळ तबकड्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे, ना राग. म्हणून गाणे संपता संपता गायिकेने इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगायचे आणि ते ऐकून लेबल चिकटवायचे, अशी रीत पडली. जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीतले काही क्षण त्यात खर्ची पडत. पण नाव आवाजातच कोरलेले असल्याने ते गहाळ होण्याची भीती नव्हती.

पुढे नावे लेबलावर आणि वेष्टनावर गेली. एलपीच्या पाठीवर राग, ताल, साथीदार असा ऐसपैस मजकूर मावे. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी मात्र मुकी होती. तिच्यात गाण्यांच्या वेळा होत्या, नावे नव्हती. त्यावर संगणकवाल्यांनीच तोड काढली. टी कानच्या ‘एक्सएमसीडी’ या प्रोग्रॅममधून सीडीडीबी उभी राहिली. गाणी कुठे सुरू होतात त्या आकड्यांवरून सीडी ओळखायची आणि नावे लोकांनी टंकून भरायची, असा तिचा प्रकार. श्रमदानाचा हा साठा अखेर ग्रेसनोट या व्यापारी कंपनीकडे गेला. त्यावरच्या नाराजीतून फ्रीडीबी आणि २००० मध्ये रॉबर्ट के याचे म्युझिकब्रेन्झ हे खुले पर्याय निघाले.

फाइलमध्येच नाव ठेवायची सोय १९९६ मध्ये एरिक केम्पने केली. त्याचा ‘आयडी३’ टॅग म्हणजे एमपी३च्या शेपटीला जोडलेला १२८ बाइटांचा तुकडा. त्यात शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट, वर्षाला ४ आणि संगीतप्रकाराला फक्त १. हा एक बाइट म्हणजे ८० प्रकारांच्या ठरीव यादीतला क्रमांक. यादीत पोल्का होता, ख्याल नव्हता. देवनागरीचे नावच नको. रोमन लिपीत ‘राग मियां की तोडी – विलंबित एकताल’ लिहायला घेतले, तरी ‘विलंबित’पाशी जागा संपे आणि ताल गळून पडे. पाश्चात्त्य पॉप गाण्याच्या मापाने बेतलेला तो अंगरखा होता.

हा आखूडपणा २००१ च्या ‘फ्लॅक’मध्ये गेला. जोश कोल्सनने तयार केलेल्या या स्वरूपात टॅगचे रकाने हवे तितके, हव्या त्या नावाचे आणि युनिकोडमध्ये ठेवता येतात. २००८ मध्ये एचडीट्रॅक्ससारखी दुकाने २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचे संगीत डाउनलोडसाठी विकू लागली, तेव्हा फ्लॅक त्यांच्या कामी आले. या दर्जाचा अर्ध्या तासाचा ख्याल संकोचनाआधी साधारण १ गिगाबाइट भरतो. त्याचे टॅग काही किलोबाइटांत आटोपतात. डीएसडी या वेगळ्या डिजिटल पद्धतीच्या मुद्रणांत मात्र दुही राहिली. सोनीच्या डीएसएफ फाइलमध्ये टॅगला जागा आहे, फिलिप्सच्या डीएसडीआयएफएफमध्ये त्यासाठी ठरलेला रकाना नव्हता.

घरातला म्युझिक सर्व्हर प्रामुख्याने टॅगवरूनच आपली सूची बांधतो, आणि तो अक्षरशः वाचतो. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे त्याच्या लेखी तीन गायक होऊ शकतात. स्वतंत्र ‘राग’ रकाना भरला, तरी अनेक प्लेअर तो दाखवत नाहीत. मग तो शीर्षकात कोंबावा लागतो, नाहीतर संगीतकाराच्या घरात घुसवावा लागतो. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने म्युझिकब्रेन्झचा आधार घेतला, तेव्हा हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या नोंदींकडे नीट लक्ष गेले. आज म्युझिकब्रेन्झमध्ये रचनेला राग आणि ताल जोडता येतात. ख्यालाची आणखी एक अडचण असते. एकाच फाइलमध्ये विलंबित एकतालातली एक बंदिश आणि द्रुत तीनतालातली दुसरी असते. फ्लॅकमध्ये त्यासाठी ‘ताल’ हा रकाना दोनदा भरता येतो; काही प्लेअर त्यांतला पहिलाच वाचतात.