पेमिकन आणि आजीच्या चान्या

शिकारीच्या इतिहासात बंदूकवाल्याचं नाव असतं. शिदोरी कुणी बांधली हे कुणी विचारत नाही. मी विचारतो. कारण माझी आजी उन्हाळ्यात दोरीवर चान्या वाळत घालायची अन् कुणी परकं दारात आलं की त्यावर लुगडं टाकायची.

कॅनडात रेड नदीकाठी मेटी लोक. आईकडून तिथले मूळचे आदिवासी, बापाकडून फ्रेंच नाहीतर स्कॉट. बायसनच्या शिकारीला अख्खी वस्तीच निघायची. १८४० च्या जूनमधल्या शिकारीला १२१० गाड्या, १६३० माणसं होती, असं अलेक्झांडर रॉसनं लिहून ठेवलंय. गाड्या नुसत्या लाकडाच्या, खिळासुद्धा लोखंडाचा नाही. आसाला वंगण नाही, कारण धूळ बसून त्याचा चिखल व्हायचा. (आमच्या खात्यातल्या माणसाला हे सांगायला नको. वंगणात कापसाचा बुरा गेला की बेअरिंग बसलंच.)

आधी कप्तान निवडायचा, मग कायदे ठरवायचे. हुकमाआधी कळपावर कुणी धावायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला खोगीर-लगाम कापून टाकायचे. एकट्याच्या हावेनं कळप उधळला तर हिवाळ्यात सगळ्यांची चूल थंड.

मारणं तासा-दोन तासांचं. पुढचे कित्येक दिवस बायकांचे. मांसाचे पातळ पापुद्रे काढायचे, उन्हाधुरात कडक वाळवायचे, कुटून भुगा करायचा. त्यात वितळलेली चरबी ओतायची, असली तर रानातली बोरंबिरं. हे कच्च्या कातड्याच्या पिशवीत ठासून शिवायचं. एक पिशवी चाळीसेक किलोची. हेच पेमिकन. वर्षानुवर्षं टिकायचं.

फर कंपन्यांचे नावाडी याच्यावरच जगायचे. म्हणून ८ जानेवारी १८१४ ला गव्हर्नर माइल्स मॅकडॉनेलनं हुकूम काढला की परवान्याशिवाय पेमिकन मुलखाबाहेर न्यायचं नाही. कारण दिलं, नव्या वसाहतवाल्यांना अन्न पाहिजे. कुटलं कुणी, कुलूप कुणाचं! हे भांडण पेटत गेलं. १९ जून १८१६ ला सेव्हन ओक्सला नवा गव्हर्नर सेम्पल आणि त्याची वीस माणसं पडली. मेटींचा एक गेला.

पण चान्या आणि पेमिकन एकच, असं मी म्हणणार नाही. त्यांनी जनावर स्वतः मारलं होतं. माझ्या आजीच्या आजीच्या वाट्याला गावचा मेलेला बैल होता, तोही ओढून न्यायचा. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते मांस सोडा म्हणून सांगितलं ते याच्यासाठी. आमची आजी बाजारातून विकत आणायची. २०१५ ला बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून म्हशीचं आणते.

परवा रात्रपाळीहून आलो अन् तिला हे सगळं सांगितलं. चरबीचं ऐकून मान हलवली.

"मीठ किती घालायच्या?"

म्हटलं, बहुतेक घालतच नव्हत्या.

"नाय? मंग काय गोडी लागत आसंल!" म्हणाली, अन् दोरीवरचं लुगडं काढून घडी घालायला लागली.