थरांची पारख : स्वित्झर्लंडमधील हिमस्खलन-अभ्यासाचा इतिहास

आल्प्समधील गावांना हिमस्खलनाच्या वाटा शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून माहीत होत्या. स्वित्झर्लंडच्या उर्सेरेन खोऱ्यात 1397 मध्ये आंडरमाटच्या वरच्या जंगलात कुऱ्हाड चालवण्यास बंदी घालण्यात आली, कारण उतारावरचे हिम तेथील झाडांनी धरून ठेवले होते. पण हे ज्ञान जागेपुरते होते. हिमकडा कुठे कोसळतो हे लोक जाणत. तो कोणत्या दिवशी कोसळेल, हे सांगता येत नसे.

पद्धतशीर नोंदींची सुरुवात योहान कोआट्स या वनाधिकाऱ्याने केली. देशाचे पहिले संघीय वननिरीक्षक असलेल्या कोआट्स यांनी 1881 मध्ये स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे लक्ष प्रामुख्याने स्खलनांच्या वाटांवर आणि त्या रोखणाऱ्या बांधकामांवर होते.

पुढे प्रश्नाचा रोख हिमाच्या अंतर्भागाकडे वळला. 1931 मध्ये हिम व हिमस्खलन संशोधनासाठी आयोग नेमला गेला आणि 1935-36 च्या हिवाळ्यात दावोसच्या वर, वाइसफ्लूयोख येथे साध्याशा प्रयोगशाळेत काम सुरू झाले. स्फटिकशास्त्राचे अभ्यासक हेन्री बाडर आणि मृदायांत्रिकीचे अभियंते रोबर्ट हेफेली यांनी हिमाकडे सतत बदलणारा पदार्थ म्हणून पाहिले. त्यांचा सहकाऱ्यांसह लिहिलेला ग्रंथ 1939 मध्ये निघाला.

या संशोधनातून धोक्याचे मूळ स्पष्ट झाले. हिवाळ्यात जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास राहते, तर पृष्ठभाग फार थंड असतो. थर पातळ असेल, तर तापमानातील या फरकामुळे बाष्प वर सरकते आणि तळाशी पेल्याच्या आकाराचे, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. त्यावर घट्ट थर साचला की वरून भक्कम दिसणारा उतार आतून पोकळ ठरतो. साधारण 30 अंशांहून तीव्र चढावर एका स्कीपटूच्या भारानेही हा दुबळा थर मोडू शकतो आणि वरची लादी निसटते. हेफेली यांनी थरांची कठीणता मोजण्यासाठी शंकूटोकाचा दांडा तयार केला. वजन पडल्यावर तो किती आत घुसतो, यावरून प्रत्येक थराचे बळ समजते.

दुसऱ्या महायुद्धात स्विस सैन्याची स्वतःची हिमस्खलन-सेवा होती. 1945 पासून इशारे देण्याचे काम वाइसफ्लूयोखच्या प्रयोगशाळेतून उभ्या राहिलेल्या दावोसच्या संस्थेकडे आले. 1950-51 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये 98 जणांचा बळी गेला. त्यानंतर उतारांच्या माथ्यावर हिम अडवणारे अडसर, नवी वनलागवड आणि बांधकामास मनाई असलेले पट्टे यांना वेग आला. फेब्रुवारी 1999 मध्ये पुन्हा प्रचंड हिमवृष्टी झाली, तेव्हा मृतांची संख्या 17 होती.

1993 मध्ये युरोपीय देशांनी धोक्याची पाच पायऱ्यांची सामाईक मोजपट्टी स्वीकारली, त्यामुळे सीमेपलीकडचा इशाराही समजू लागला. त्याच दशकात उंचावर स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. ती हिमाची उंची, वारा आणि तापमान कळवतात. गाडलेल्या दुबळ्या थराची खातरी करण्यासाठी मात्र निरीक्षक आजही उतारावर खड्डा खणतात, स्फटिक भिंगाखाली पाहतात आणि थरांची नोंद दावोसला पाठवतात.