तालमींतला चेंडू

कोल्हापुरास जाऊन आलेला खानदेशी मनुष्य बहुधा अंबाबाईचा प्रसाद, गुळाची ढेप आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचें वर्णन घेऊन घरीं परततो. कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नाच्या निमित्तानें मी तेथें गेलों होतों, तो एक प्रश्न बरोबर घेऊन आलों. ज्यांच्या घरीं उतरलों ते गृहस्थ जुने शिक्षक; बोलणें मोजकें, आवाज हळू. परंतु त्या दिवशीं दुपारीं तीन वाजल्यापासून त्यांचें लक्ष घड्याळाकडे लागलें होतें. गल्लींतून मुलांच्या मोटारसायकली झेंडे फडकवीत जाऊं लागल्या, तेव्हां ते टोपी चढवीत मला म्हणाले, "चला कीं. आज आपली तालीम खेळणार आहे. तुमच्या जळगांवांत कोणती तालीम खेळते हो?"

आमच्याकडे तालमींत कुस्ती होते, तालीम स्वतः कांहीं खेळत नाहीं, असें मीं उत्तर दिलें. ते नुसते हंसले. पण "तालीम खेळते" या दोन शब्दांत कोल्हापूरच्या फुटबॉलचा निम्मा इतिहास सांठविलेला आहे, हें मला मागाहून उमगलें.

शाहू महाराज १८९४ सालीं गादीवर आले. कुस्तीचा त्यांना किती नाद होता हें महाराष्ट्रांत सांगावयास नको. १९०२ मध्यें सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस जातां-येतां रोमचें प्राचीन रंगस्थळ त्यांच्या पाहण्यांत आलें, आणि पुढें कोल्हापुरांत खासबागेचें वर्तुळाकार मैदान उभें राहिलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. पण या मैदानाहूनहि महत्त्वाच्या होत्या त्या पेठोपेठींच्या तालमी. तालीम म्हणजे केवळ तांबड्या मातीचा हौदा नव्हे. तेथें मारुती असतो, भाद्रपदांत गणपति बसतो, मोहरमांत पंजे बसतात आणि त्यांच्या सेवेस हिंदु घरेंहि हजर असतात. पेठेंतलें भांडण तेथें मिटतें; क्वचित् तेथूनच सुरूहि होतें. मूल चालूं लागलें कीं तें अमुक एका तालमीचें ठरतें, आणि हें नातें पुढें नोकरीच्या गांवीं गेल्यावरहि सुटत नाहीं.

फुटबॉल आपल्या देशांत इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. सिमल्यास ड्युरँड चषकाचे सामने १८८८ मध्यें, मुंबईस रोव्हर्स चषकाचे १८९१ मध्यें सुरू झाले. आणि १९११ सालीं कलकत्त्याच्या मोहन बागाननें, ज्याचे बहुतेक गडी अनवाणी होते, गोऱ्या पलटणीच्या संघास हरवून ढाल जिंकली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. कलकत्त्यास या खेळासाठीं क्लब निघाले. कोल्हापुरास क्लब काढण्याची तितकी गरज पडली नाहीं. संस्था आधींच होती. तिच्या अंगणांत चेंडू येऊन पडला, इतकेंच. मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम, तिचीच शेजारीण बालगोपाल, शिवाजी पेठेची खंडोबा तालीम, रविवार पेठेची दिलबहार: हीं नांवें ऐकून परक्यास कुस्त्यांचा फडच आठवेल, पण आज तीं फुटबॉलच्या संघांचीं नांवें आहेत. त्यांच्या जोडीस शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब आदि मंडळी आहेत. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १९४० सालीं, कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची स्थापना झाली आणि या पोरखेळास नियमांची चौकट लाभली. वरिष्ठ गटाच्या साखळींत आज सोळा संघ उतरतात. साखळी संपली कीं चषकांचे सामने लागतात, आणि मृगाचे ढग दिसेपर्यंत शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर संध्याकाळीं जागा मिळणें मुष्किल होतें. शिवाजी पेठेचें गांधी मैदान हें मूळचें वरुणतीर्थ नांवाचें तळें. तें बुजवून मुलांना खेळावयास जागा झाली. पावसाळ्यांत तळें आपला जुना हक्क सांगतें, आणि मुलें निमूटपणें कांठावर बसतात.

याच्या उलट चित्र पाहावयाचें तर हंगेरीकडे वळावें लागतें. हंगेरीच कां, असें कोणी विचारील. त्या देशांतहि राजधानीबाहेरच्या गांवांनीं या खेळावर असाच जीव टाकला. परंतु त्यांच्या क्लबांच्या पाठीशीं पेठ नव्हती, कारखाना किंवा आगगाडी होती. डेब्रेत्सेनचा क्लब १९०२ सालीं निघाला आणि १९१२ मध्यें रेल्वेवाल्यांच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. ग्योर येथें १९०४ सालीं आगगाडीचे डबे बांधणाऱ्या कारखान्यानें, डिओशग्योर येथें १९१० सालीं पोलादाच्या कारखान्यांतील कामगारांनीं आपापला क्लब उभारला. धनी खंबीर होता तोंवर ठीक चाललें. १९४९ च्या सुमारास साम्यवादी राजवट स्थिर झाली, आणि क्लबांच्या पाट्या भराभर बदलूं लागल्या. डेब्रेत्सेनचा क्लब लोकोमोटिव्ह झाला. पुढें कांहीं वर्षांनीं जुनें नांव परत मिळालें. देशाचें अजिंक्यपद मात्र त्याला २००५ सालीं, म्हणजे जन्मानंतर एकशें तीन वर्षांनीं लाभलें! २००९ मध्यें युरोपच्या मोठ्या स्पर्धेंत लिव्हरपूल आदि बलाढ्य संघांशीं तो गांठ घालूं शकला आणि गटांतले साहीच्या साही सामने हरला. तरी गांवानें त्याला टाकलें नाहीं.

पण या सर्वांत मनाला चटका लावते ती नागिवाराद गांवच्या क्लबची कथा. हा क्लब १९१० सालीं निघाला तेव्हां गांव हंगेरीच्या राज्यांत होतें. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें तें रुमानियाकडे गेलें व ओराद्या म्हणविलें जाऊं लागलें. १९४० मध्यें तें पुन्हा हंगेरीस मिळालें, आणि १९४४ सालीं या क्लबनें हंगेरीचें अजिंक्यपद पटकाविलें. बुडापेस्टच्या बाहेरच्या संघानें हा मान मिळविण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षाच्या मे-जून महिन्यांत त्या गांवचे ज्यू रहिवासी हजारोंच्या संख्येनें आगगाड्यांत कोंबून ऑशविट्झला धाडले गेले. विजयाच्या आनंदाविषयीं मग कांहीं लिहावेंसें वाटत नाहीं. युद्धानंतर गांव फिरून रुमानियांत आलें. १९४९ सालीं तोच क्लब, दुसरें नांव धारण करून, रुमानियाचा अजिंक्य ठरला, आणि १९६३ मध्यें तो विसर्जित झाला. मैदान एकच, गांव एकच. देश मात्र तीनदां बदलला.

तेंच १९४९ साल कोल्हापूरच्याहि इतिहासांत आहे. मार्च महिन्यांत संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. राजाश्रयावर वाढलेल्या तालमी राजाबरोबरच ओसाड पडावयाच्या. पण संस्थान गेलें तरी पेठ कोठें जाणार? पाटाकडील ती पाटाकडीलच राहिली, खंडोबा तो खंडोबाच.

येथें आम्हां खानदेशकरांस थोडें खजील व्हावें लागतें. आगगाडीवर क्लब उभा राहतो म्हणावें, तर भुसावळाएवढें रेल्वेचें ठाणें आमच्या पदरीं आहे. गिरणीवर राहतो म्हणावें, तर जळगांव, धुळें, अमळनेर येथें गिरण्यांचे भोंगे पिढ्यान् पिढ्या वाजले. तालमीवर राहतो म्हणावें, तर यात्रेंतील कुस्त्यांचा फड आमच्याकडे कधीं ओस पडला नाहीं. तिन्हीं सामग्री असून चेंडूनें मूळ धरलें नाहीं. अमळनेरच्या प्रतापशेटजींनीं गिरणीच्या पैशांतून १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर उघडलें. हंगेरीच्या कोणत्याहि कारखानदारास हें सुचलें नसतें, याचा मला अभिमान आहे. पण गिरणी बंद पडल्यावर कामगाराच्या नातवाला "आपलें" म्हणावयास कांहीं उरलें काय, असेंहि मनांत येतें. माझ्या मतें कारण असें, कीं आमची तालीम पहिलवानाची राहिली; कोल्हापूरची तालीम पहिलवान नसलेल्याचीहि झाली.

या आपलेपणाचें विषहि आहे. सामन्यांत पंचानें एक शिटी इकडची तिकडे फुंकली कीं पायऱ्यांवरून दगड सुटतात. पोलिसांनीं लाठ्या चालविल्या, सामने बंद ठेवावे लागले, असें एकदां नव्हे, अनेकदां घडलें आहे. पेठेचा मान राखावयाचा म्हणून बाहेरचे, अलीकडे आफ्रिकेंतलेहि, खेळाडू पैसे देऊन आणले जातात. ते चांगले खेळतात, लोक त्यांच्यावर प्रेमहि करतात. पण त्यांच्या जागेसाठीं पेठेंतलाच एखादा मुलगा बाकावर बसतो, आणि त्याची आई स्टेडियमच्या बाहेर झेंडा घेऊन उभीच असते. तालमीच्या नांवासाठीं तालमीचा मुलगा बसवावा काय, हा वाद मीं त्या घरच्या ओसरीवर दोन भावांत रात्रीं उशीरापर्यंत ऐकला. खरोखर पुढें जाऊं पाहणाऱ्यास तर गांव सोडावेंच लागतें. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत घडला, आणि २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला. मुलींची गोष्ट आणखी निराळी. तालीम ही पुरुषांची जागा. तेथें त्यांना हौदा नव्हता, म्हणून चेंडूहि मिळाला नाहीं. २०१९ व २०२० मध्यें महिलांच्या राष्ट्रीय साखळींत जो संघ उतरला तो कोणत्या तालमीच्या नव्हे, तर कोल्हापूर शहराच्या नांवानें. मला तर वाटतें, त्या मुलींनीं एका पेठेऐवजीं सारा गांव मिळविला. परंतु आमच्या यजमानांस हें म्हणणें फारसें पटलें नाहीं.

त्या दिवशीं त्यांची तालीम एका गोलानें हरली. परततांना ते एक अक्षर बोलले नाहींत. घराकडे न वळतां त्यांनीं मला थेट तालमींत नेलें. मारुतीपुढें दिवा लागला होता. हौद्यांतली माती नुकतीच उकरून, पाणी मारून ठेवलेली. दोन पोरें कोंपऱ्यांत जोर काढीत होतीं. उंबऱ्याशीं चिखलानें भरलेल्या बुटांची रांग होती, आणि ज्यांचे ते बूट तीं मुलें माना खालीं घालून भिंतीशीं बसलीं होतीं. मास्तर त्यांच्याकडे पाहून इतकेंच म्हणाले, "बूट धुऊन ठेवा रे. उद्यां सकाळीं कुस्तीवाले येतील."